चर्चच्या तरुण संघात मुलांनी बायबलबद्दल अवघड विचारलं तर?

नगरचा तरुणसंघवाला: सर्वांना सलाम. आमच्या तरुण संघात बारावीतल्या मुलीने विचारलं, "मार्कच्या शुभवर्तमानातल्या (बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) सोळाव्या अध्यायातली ९ ते २० वचनं जुन्या प्रतींत नाहीतच म्हणे?" रील बघून आली होती. मी आहे ते सांगितलं. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत मार्क आठव्या वचनाशी थांबतो. स्त्रिया येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळतात, भीतीने कोणाला काही सांगत नाहीत, बस. पुढचं बहुधा नंतर जोडलेलं. रविवारी चर्चमधले दोन वडीलधारे घरी हजर: "पोरांच्या डोक्यात शंका कशाला घालता?" अहो, शंका ती घेऊनच आली होती! तुमचं मत सांगा.

निवृत्त संडेस्कूल बाई: त्या वडीलधाऱ्यांचं बरोबर आहे. येशूला दगा देणाऱ्या यहूदाने गळफास घेतला (मत्तय २७) की तो शेतात पडून त्याचं पोट फुटलं (प्रेषितांची कृत्ये १), हे तासाभरात पोरांपुढे मांडायचं आणि "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणायचं? पुढच्या आठवड्यात निम्मी येत नाहीत. पंडिता रमाबाईंनी आधी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास केला, मग बायबलचं भाषांतर. तुमच्यात ग्रीक कोणाला येतं?

नगरचा तरुणसंघवाला: बाई, रमाबाई तर माझ्या बाजूच्या. हातातल्या भाषांतरावर समाधान मानलं असतं तर केडगावला नवं बायबल छापलंच नसतं.

वसईकर: आम्ही कॅथलिक, म्हणून जरा लांबून बोलतो. आमच्या बायबलात ७३ पुस्तकं, तुमच्या प्रोटेस्टंट बायबलात ६६. यादी आकाशातून पडली नाही, माणसांनीच ठरवली. मार्कचा शेवट दुसऱ्या हाताचा असला तरी चर्चने तो पवित्र शास्त्र म्हणून स्वीकारला आहे. लिहिलं कोणी, हा प्रश्न वेगळा. तुमच्याकडे सगळा भार एका पुस्तकावर, म्हणून एक वीट हलली की घाबरता.

चर्च सोडलेला: दादा, तुम्ही सोपा प्रश्न निवडलात. मार्क १६ ने कोणाचं काही जात नाही. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय घ्या, तिथे येशूचा जन्म रोमन नावनिशीच्या (जनगणनेच्या) वेळी झाला असं आहे. क्विरीनिय हा रोमन सुभेदार असतानाची ती नावनिशी पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याच्या हिशेबाने इ.स. ६ मधली. बहुतेक इतिहासकारांच्या मते राजा हेरोद इ.स.पू. ४ मध्येच मेला. आणि मत्तय म्हणतो, येशू हेरोदाच्या काळात जन्मला. मी हे विचारलं तेव्हा "प्रार्थना कर" एवढंच उत्तर मिळालं. तुम्ही काय सांगाल? की उत्तर आधीच खिशात ठेवून चर्चा?

नगरचा तरुणसंघवाला: ग्रीक वाक्य "क्विरीनियच्या आधीची" असं वाचावं, असं काही जण म्हणतात. मला ते ओढूनताणून वाटतं. लूकचा घोळ झाला असावा, आणि मुलांनाही मी हेच सांगेन.

निवृत्त संडेस्कूल बाई: झालं! मग त्याच लूकच्या रिकाम्या कबरेवर त्यांनी का विश्वास ठेवायचा?

चर्च सोडलेला: बाईंचा प्रश्न माझ्यापेक्षा धारदार निघाला.

नगरचा तरुणसंघवाला: म्हणून मी लूकपासून सुरुवात करणार नाही, १ करिंथ १५ पासून करेन. प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं ते पत्र इ.स. ५५ च्या आसपासचं, चारही शुभवर्तमानांच्या आधीचं. पुनरुत्थानानंतर पाचशेंहून अधिक जणांना येशू दिसला आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, असं तो लिहितो. यानेही सिद्ध काही होत नाही, कबूल. पण बोलायला जमीन मिळते.

निवृत्त संडेस्कूल बाई: त्या पाचशेंपैकी एकाचं तरी नाव दिलंय का त्याने? शुक्रवारी तुमच्या तरुण संघात येते. मागच्या बाकावर बसेन, पण हा प्रश्न मीच विचारणार.