मदत हवी: म्युनिकहून शनि-रवि, बायर्न-तिकीट (बव्हेरिया राज्यातलं रेल्वेचं तिकीट) चालेल का?

भटकभवानी: शनि-रवि न्युरेंबर्ग, बांबेर्ग, रोथेनबुर्ग, रेगेन्सबुर्ग करायचंय. बायर्न-तिकीट चालेल का? आज रात्रीच काढायचंय, प्लीज लवकर सांगा.

उंबरठा: किती जण? मुक्काम कुठे? की रोज म्युनिकला परत?

रुळावरचा: ते एका दिवसाचं असतं, म्हणजे दोन लागतील. शनि-रवि मध्यरात्रीपासून दुसऱ्या पहाटे ३ पर्यंत. सकाळी ९ नंतरच प्रवास करायची अट फक्त कामाच्या दिवशी. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही. एका तिकिटावर ५ जणांपर्यंत, पण संख्या काढतानाच ठरवायची आणि नावं तिकिटावर हवीत. न्युरेंबर्गला इंगोलश्टाटमार्गे जाणारी आरई (प्रादेशिक गाडी) पकडा, पावणेदोन तास. ऑग्सबुर्गमार्गे गेलात तर वेळ फुकट.

घाटवाट: डॉइचलांड-तिकीट घ्या ना! ६३ युरोत महिनाभर, देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांत.

रुळावरचा: अहो, ते सबस्क्रिप्शन आहे. १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापतात. शिवाय माणशी वेगळं.

लिंबूटिंबू: शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोंचा विमा लागतो, तो आधी बघा.

भटकभवानी: व्हिसा झालाय हो. चौघं आहोत, न्युरेंबर्गला एक रात्र. आईबाबा आहेत, बाबांचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी.

उंबरठा: हे आधी सांगायचं ना! रोथेनबुर्ग काढून टाका. स्टाइनाखला गाडी बदलायची, तिथली छोटी गाडी तासाला एक. चुकली की बसा फलाटावर. शनिवारी न्युरेंबर्ग-बांबेर्ग करा. बांबेर्गचं कॅथेड्रल चढावर, वर गोट्यांची फरसबंदी. नदीतलं जुनं टाउन हॉल मात्र खालूनच दिसतं. रविवारी म्युनिकला परतताना रेगेन्सबुर्ग: स्टेशनपासून १२व्या शतकातल्या दगडी पुलापर्यंत सगळं सपाट.

कढीपत्ता: रोथेनबुर्ग वगळायचं? तटबंदीवरून गावाभोवती चालता येतं!

उंबरठा: तटावर जिन्याने चढतात. गुडघे वाचलं नाही का?

कढीपत्ता: बरं. जेवायला चीजवालं श्पेत्झ्ले (नूडल्ससारखा प्रकार) मागवा, शाकाहारी असतं.

रुळावरचा: त्यात अंडं असतं. आणि रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनातली सोडून. फळं-ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवा.

घाटवाट: बांबेर्गची राउखबिअर (धुरकट चवीची बिअर) सोडू नका. माल्ट बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, वास थेट चुलीचा.

भटकभवानी: बाबांना अंडं चालतं, आईला नाही. आणि चौथा माझा मुलगा, ५ वर्षांचा. त्याचं नाव घालायचं का?

रुळावरचा: ६ वर्षांखाली तिकीटच नाही. तिघांचं काढा!