कोझी मिस्टरीत पुढचा लेखक निवडायचा कशावरून : वातावरणावरून की कोड्यावरून?

पानखूण

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल, म्हणजे खेड्यात राहून खुनांचा छडा लावणारी म्हातारी, वाचून संपली की पुढे कोणाला वाचावे, हा प्रश्न कोझी मिस्टरीच्या, म्हणजे रक्तपात टाळणाऱ्या निवांत रहस्यकथांच्या, वाचकापुढे कधी ना कधी येतोच, कारण मार्पलच्या कादंबऱ्या मोजून १२ आहेत. त्यावर मिळणारे सल्ले ठरलेले असतात. गावातली गोष्ट आवडली असेल तर दुसऱ्या गावातली घ्या, मांजर आवडत असेल तर मांजराची मालिका घ्या, नाहीतर बेकरी, विणकाम, बागकाम यांपैकी ज्याची हौस असेल ते घ्या. माझ्या मते निवडीची ही पद्धतच दिशाभूल करणारी आहे. लेखक सुगावे वाचकासमोर उघडपणे ठेवतो की नाही, आणि ठेवून ते कसे नजरेआड करतो, एवढेच पाहावे.

वरवरचे साम्य किती फसवे असते, याचा नमुना म्हणजे पॅट्रिशिया वेंटवर्थ यांची मिस सिल्व्हर. तीही वयस्कर, तीही अविवाहित, तिच्याही हातात सदैव विणकाम. त्यामुळे मार्पलनंतर तिचे नाव हमखास सुचवले जाते. परंतु १९२८ साली अवतरलेली ही बाई पूर्वाश्रमीची गव्हर्नेस असून आता पैसे घेऊन तपास करणारी व्यावसायिक आहे, आणि तिच्या कथांमध्ये रहस्याइतकीच जागा एखाद्या जोडप्याच्या प्रेमप्रकरणाला मिळते. ज्याला मार्पलची तिरकी नजर हवी आहे, त्याच्या पदरी येथे निराळेच काही पडते.

आता ती तिरकी नजर म्हणजे काय, ते पाहा. १९३० सालच्या मार्पलच्या पहिल्या कादंबरीत निवेदक आहे गावचा पाद्री. जेवणाच्या टेबलावर मांस कापून वाढून झाल्यावर हा धर्मगुरूच बोलून जातो की अमुक कर्नलचा कोणी खून केला तर जगावर उपकारच होतील. या एका वाक्यात विनोद होतो, बळी कोण ते कळते, आणि मरण्याआधीच तो माणूस साऱ्या गावाला नकोसा असल्याचे वाचकाच्या मनावर ठसते. ही कारागिरी ज्याला भावली, त्याने पुढे क्रिस्टियाना ब्रँड यांच्याकडे वळावे. त्यांच्या १९४४ सालच्या रुग्णालयातल्या कादंबरीत, पहिल्याच प्रकरणात पोस्टमन ज्यांची पत्रे घेऊन निघतो त्यांच्यापैकीच एक जण पुढे त्याचा खुनी ठरणार असतो, आणि लेखिका हे आपल्याला तेव्हाच सांगून टाकते.

निवांत

मांडणी उत्तम आहे, पण तिच्या मुळाशी असलेले गृहीतक मला मान्य नाही. ब्रँड यांची ती कादंबरी युद्धकाळातल्या लष्करी रुग्णालयात घडते, बाहेर बाँब पडत असतात आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणूस दगावतो. ती थोर असेल, परंतु दिवसभराच्या शिणानंतर कोझी हाती घेणाऱ्याला ती सुचवणे म्हणजे त्याने काय मागितले हे न ऐकणे होय.

कोझीचा वाचक कोड्यासाठी येतो, हेच मुळात सिद्ध व्हायचे आहे. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांनी १९९८ साली बोत्सवानातल्या खासगी गुप्तहेर प्रेशस रामोत्स्वे यांची मालिका सुरू केली. तिच्यात खुनांपेक्षा बेपत्ता नवरे, संशयी बाप आणि तोतये नातेवाईक यांचीच प्रकरणे जास्त. सुगाव्यांची काटेकोर मांडणी शोधू गेल्यास तेथे हाती फारसे लागत नाही, तरीही वाचक भागामागून भाग वाचत राहतात, कारण त्यांना रामोत्स्वे बाईंच्या सहवासात बसायचे असते. एम. सी. बीटन यांची अगाथा रेझिन घ्या. लंडनमधला जनसंपर्काचा व्यवसाय विकून ही बाई खेड्यात राहायला येते, लोकांत मिसळण्यासाठी पाककलेच्या स्पर्धेत दुकानातून आणलेला कीश (अंडी घालून भाजलेला खारा पाय) स्वतःचा म्हणून ठेवते, आणि तो खाऊन परीक्षक विषबाधेने मरतो. १९९२ सालच्या या पुस्तकात खुनी कोण, हे पुष्कळांना आज आठवणारही नाही. लबाडी उघडी पडल्यावर झालेली तिची फजिती मात्र कोणी विसरत नाही. अशा वाचकाला पुढचा लेखक सुचवताना वातावरण पाहायचे नाही, तर काय पाहायचे?

उलटतपासणी

दोघांशीही मी असहमत आहे. पानखूण, उघडपणे सुगावे देणे ही कसोटी ऐकायला चांगली वाटते, पण ती पुस्तक संपल्याशिवाय लावताच येत नाही, मग निवडीच्या वेळी तिचा उपयोग काय? शिवाय तिच्याविषयी एकमत कधीच नव्हते. रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले ते बरेचसे मिस्कीलपणे, आणि ख्रिस्ती यांच्या १९२६ सालच्या एका कादंबरीचा शेवट म्हणजे वाचकाची फसवणूक आहे की नाही, हा वाद अजूनही अधूनमधून डोके वर काढतो.

निवांत, आपल्या कसोटीत दुसरीच अडचण आहे. वातावरण सारखे असूनही दोन लेखक पार वेगळे असू शकतात. माझ्या मते पाहायचे ते हे, की मृत्यू झाल्यावर लेखक त्याचे ओझे किती काळ वाहतो. बीटन यांच्याकडे दोन प्रकरणांत गाव पूर्ववत होते आणि तसे होणे त्या विनोदाला शोभतेही. लुईज पेनी यांचे क्विबेकमधले थ्री पाइन्स हेही नकाशावर न सापडणारे टुमदार गाव, तेथेही शेकोटी, कॅफे आणि चांगले जेवण. परंतु २००५ सालच्या पहिल्या भागात निवृत्त शिक्षिका मरते तेव्हा तिच्या मित्रमंडळींचा शोक पुस्तकभर पसरलेला असतो. रिचर्ड ऑस्मन यांच्या २०२० साली सुरू झालेल्या मालिकेत निवृत्तांच्या वसाहतीतले चौघे मजेत तपास करतात खरे, पण त्यांच्यातल्या एकीच्या नवऱ्याची स्मृती हळूहळू विझत चालली आहे, आणि लेखक ते झाकत नाही. दुःखाची ही मात्रा पहिल्या पन्नास पानांत ओळखू येते. बीटन आवडलेल्या माणसाला केवळ गाव आहे म्हणून पेनी देऊन पाहा, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते कळेल.

चौकटीबाहेर

इतका काथ्याकूट कशाला? मॅलिस डोमेस्टिक या रहस्यकथाप्रेमींच्या संमेलनात १९८९ पासून कोझी वळणाच्या पुस्तकांना अगाथा पुरस्कार दिले जातात (सन्मानचिन्ह म्हणून चक्क चहाची किटली मिळते). त्यांतला पहिल्या कादंबरीचा विभाग उघडून बसावे. डॉना अँड्र्यूज यांचे १९९९ सालचे मोरांचे विनोदी पुस्तक त्याच यादीत सापडते, आणि पुढे त्यांची मोठी मालिका आयतीच हाताशी येते.

पानखूण

यादी उपयुक्त आहे, यात वाद नाही. परंतु त्या पुरस्काराची चौकट मुख्यतः काय नको, हे सांगते : उघड शृंगार नको, रक्तपाताचा अतिरेक नको. त्या चौकटीत पेनीही बसतात, ज्यांचा नायक गमाश पोलीस खात्यातला बडा अधिकारी आहे, आणि अँड्र्यूज यांची लोहारकाम करणारी हौशी नायिकाही बसते. त्यामुळे यादी दार उघडते, आत कोणाकडे जायचे ते सांगत नाही.

उलटतपासणी यांची कसोटी मला विचारात घेण्याजोगी वाटते, मात्र ती माझ्या कसोटीच्या आड येत नाही. निवांत यांच्याशी असलेला मतभेद तसाच आहे. जोॲन फ्लूक यांच्या बेकरीवाल्या मालिकेत तपास रंगात आला की मध्येच पाककृती छापलेली असते. संशयितांचे जबाब मनात जुळवत असताना साखर आणि लोण्याची मापे वाचावी लागणे, हा मला कथेचा अपमान वाटतो.

निवांत

आपल्याला जो अपमान वाटतो, तोच अनेकांना विसावा वाटतो. पाककृती म्हणजे लेखिकेने दिलेली कबुली आहे की येथे कोणालाही घाई नाही. हा दोष मानणाऱ्याने ती मालिका वाचू नये, इतके साधे आहे. आणि माझ्या बाजूने आणखी एक साक्ष देतो. लिलियन जॅक्सन ब्राउन यांच्या मांजरांच्या मालिकेचे पहिले तीन भाग १९६६ ते १९६८ या काळात आले आणि चौथा थेट १९८६ साली. मधल्या काळात कोड्यांची चव बदलली असेल, प्रकाशनाचे जगही बदलले, तरी क्विलरन हा पत्रकार आणि त्याची सयामी मांजरे परतताच वाचकही परतले. ते कोड्याच्या ओढीने आले, असे आपण खरोखर म्हणाल का?

उलटतपासणी

ब्राउन यांचे उदाहरण निघालेच आहे, तर नव्या वाचकांसाठी एक व्यावहारिक बाब नोंदवतो. त्या मालिकेचे सुरुवातीचे भाग शहरात घडतात आणि ज्या दूरच्या उत्तरेकडील परगण्यासाठी ती ओळखली जाते, तो पाचव्या भागात येतो. गावाच्या ओढीने येणाऱ्याने पाचव्यापासून आरंभ केला तर त्याचे फारसे अडणार नाही. पेनी यांच्या बाबतीत मात्र ही सवलत घेऊ नये. गमाशच्या खात्यातले अंतर्गत राजकारण एका भागातून पुढच्या भागात झिरपत जाते, आणि मधूनच सुरुवात करणाऱ्याला आधीच्या प्रकरणांतले गुन्हेगार आयते कळून बसतात.