कोपरा रिकामा राहतो तो आळसामुळे नाही

वर कुणीतरी लिहिलंय की २०२१-२२ची सिराक्यूजची (अमेरिकेतल्या विद्यापीठाची बास्केटबॉल टीम) पोरं आळशी होती, कोपऱ्यातल्या शूटरकडे धावतच नव्हती. १६ विजय, १७ पराभव. प्रशिक्षक जिम बोहायमच्या इतक्या वर्षांत हरलेले सामने जास्त असं पहिल्यांदाच झालं, त्यामुळे राग समजतो. पण आधी अंतर बघा ना. २-३ झोनमध्ये, म्हणजे माणूस नाही तर जागा राखायच्या बचावात, पुढे दोघं, मागे तिघं. चेंडू फ्री थ्रोच्या रेषेपाशी गेला की मधल्या उंच गड्याला पुढे यावंच लागतं. मग कडेच्यानं रिंग राखायची की कोपरा? २००३च्या फायनलला सिराक्यूजच्या हकीम वॉरिकनं शेवटच्या क्षणी कोपऱ्यातलाच थ्री (रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट) अडवला आणि कॅन्ससला ८१-७८ हरवलं, पण तेव्हा थ्रीची रेषा ६.०२ मीटरवर होती. २०१९पासून ती ६.७५वर आहे (कोपऱ्यात किंचित कमी). आणि वॉरिकसारखे लांब हात काय दरवर्षी मिळतात?

मी एकदा रिंगमागच्या स्वस्त सीटवरून चेंडू सोडून नुसते कडेच्या पोराचे बूट बघत होतो. एक पाय रंगवलेल्या पट्ट्यात, पास सुटताच तीन ढांगा, मग उडी. तोवर चेंडू हवेत. खरी गंमत त्यानंतर: तो बाहेर गेलेला, त्यामुळे रिबाउंडला (हुकलेला चेंडू पकडायला) आत कुणी नाही, आणि झोनमध्ये प्रत्येकाला अडवायला ठरलेला माणूसही नसतो. त्यात २०२२च्या फेब्रुवारीत मधल्या जागेवरच्या जेसी एडवर्ड्सचं मनगट मोडलं, म्हणजे मधला खांबच गेला.