बाबांची ८२ ची पद्मिनी थंडीत सुरू होत नाही, सल्ला हवा (बजेट ६ हजार)

त्रिमूर्तीनगरकर
नमस्कार मंडळी. घरी बाबांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसी पेट्रोल, गिअर स्टिअरिंगवर, बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो अजून जुनाच. उन्हाळ्यात छान चालते. डिसेंबर लागला की सकाळी नखरे सुरू. चोक ओढा, सेल्फ मारा, घुर्र घुर्र, बंद. पुन्हा तेच. वीस मिनिटांनी शेजारचे चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभे राहतात. सुरू झालीच तर कामठी रोड लागेपर्यंत झटके देते.
बाबांना दर पौर्णिमेला रामटेकला जायचं असतं, याच गाडीनं आणि सकाळी सहालाच. वय ७९. खालून कुठून तरी वारा घुसतो आणि त्यांचे पाय बधिर होतात.
तर गाडी पटकन सुरू व्हायला आणि आत ऊब राहायला काय करू? बजेट सहा हजार. नवीन गाडी घ्या म्हणू नका, घरात आहे. बाबा तिच्यात बसत नाहीत.

अँबीवाला_काका
अँबॅसडर घ्या. माझी ९४ ची, १८०० आयसुझू इंजिन. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ वर आला होता, आठवतं? त्या दिवशी सकाळी एका सेल्फवर सुरू. फियाट म्हणजे शेवटी खेळणंच.

मृणाल_प
काका, त्यांनी गाडी कोणती घेऊ असं विचारलेलं नाही 🙂
आमच्याकडे बॅटरी बदलली आणि प्रश्न मिटला. साडेपाच हजार लागले. जुनी चार वर्षांची होती. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि इंजिन ऑइल घट्ट होतं, दोन्ही एकदम नडतं.

जरीपटका_स्पीड
काहून एवढा ताप घेऊन राहिले भाऊ? प्लगच्या ठिणगीचे जुने पॉइंट फेका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका. कार्बोरेटर मारुतीचा बसवा. मी केलं ना, १८ हजारात काम झालं. आता बटन दाबलं की चालू, बाप्पा!

त्रिमूर्तीनगरकर
बजेट सहा हजार आहे हो.

जरीपटका_स्पीड
चांगल्या कामाले पैसे लागतेच.

पॉइंट_गॅप
पैसे खर्चायच्या आधी तीनशेचा मल्टिमीटर आणा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. मग घरच्या कुणाला तरी सेल्फ मारायला लावा आणि त्या वेळी आकडा बघा. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी थकली. वरच राहिला आणि तरी सेल्फ रडतोय, तर बॅटरीला हात लावू नका.
माझ्या गाडीत असंच झालं होतं. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या घेतल्या. तिसरी घ्यायच्या आदल्या दिवशी सेल्फ मारून झाल्यावर सहज इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी चाचपली, तर बोट भाजलं. पट्टीची वेणी आतून हिरवी होऊन कुजली होती, जेमतेम चारपाच तारा शाबूत. नवी पट्टी दीडशे रुपयांत आली. टोकं सँडपेपरनं घासून बसवली, सेल्फ एकदम खणखणीत. त्या दोन बॅटऱ्या इन्व्हर्टरला लावल्या, दुसरं करणार काय.
नंतर पॉइंट काढून बघा. खड्डे पडले असतील तर पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला. पॉइंटचा गॅप ०.४५ मिमीच्या आसपास, प्लगचा ०.६. फट मोजायचा फीलर गेज नसेल तर मिस्त्रीकडून करून घ्या, पण अंदाजपंचे करू देऊ नका.

मृणाल_प
मी म्हटलंच होतं, बॅटरी बघा.

पॉइंट_गॅप
मी बॅटरी घेऊ नका असं लिहिलंय.

सीताबर्डी_सिनिअर
पद्मिनीला फियाट म्हणणाऱ्यांसाठी: १९७४ पासून तिचं नाव प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्यात बनायची. बाकी चालू द्या.

अँबीवाला_काका
नागपुरात फियाटच म्हणतात. तुम्ही पुण्याचे का?

सीताबर्डी_सिनिअर
नावात सीताबर्डी लिहिलंय.

वर्कशॉपवाला_सदर
एक विचारतो. थर्मोस्टॅट आहे का गाडीत? की उन्हाळ्यात मिस्त्रीनं काढून ठेवलाय?

त्रिमूर्तीनगरकर
बाबांना विचारलं. म्हणाले, २००३ च्या मे महिन्यात काढला, तेव्हापासून गाडी कधी तापली नाही. फार अभिमानानं सांगत होते.

वर्कशॉपवाला_सदर
मग झटक्यांचं कारण बहुतेक तेच. थर्मोस्टॅट ऐंशी-ब्याऐंशी अंशांपर्यंत पाणी इंजिनातच फिरवतो, तापलं की रेडिएटरकडे सोडतो. तो नसला की पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमधून जातं. जानेवारीच्या पहाटे इंजिन तापणार कसं? थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून झटके. लोक वैतागून चोक ओढूनच गाडी हाकतात, मग प्लग काळे पडतात आणि दुसऱ्या दिवशी सुरू व्हायला आणखी त्रास.

जरीपटका_स्पीड
नागपुरात थर्मोस्टॅट? मे मध्ये ४६ डिग्रीत उकळन ना गाडी. सगळेच काढते.

वर्कशॉपवाला_सदर
सगळे काढतात, कारण अर्ध्या गाड्यांचा रेडिएटर नळाच्या पाण्यानं गंजून बसलेला असतो. रेडिएटर साफ असेल तर गरम झाल्यावर थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो, काही अडत नाही. बसवायच्या आधी घरी तपासा. पातेल्यात पाण्यात टाका, उकळी आली की उघडला पाहिजे. नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा.

तर्री_पोहे
आमच्या बाबांची जुगाड पद्धत: रेडिएटरसमोर पुठ्ठा. अर्धाच झाकायचा. ट्रकवाले करतात तेच.
फक्त काढायला विसरू नका. मी विसरलो. बुटीबोरीपर्यंत मस्त, मग दहा वाजता ऊन चढलं आणि बोनेटमधून वाफ. सासरेबुवा मागे बसले होते. अजून विषय निघतो.

मृणाल_प
गाडीवर रात्री कव्हर घालून बघा.

महाल_गल्ली
कव्हर ठीक, बोनेटच्या आत काही घालू नका. आमच्या काकांनी इंजिनावर आजीची गोधडी पांघरली, ऊब राहील म्हणून. सकाळी विसरले. फॅननं गोधडी ओढली आणि बेल्टसकट गुंडाळली. आवाज ऐकून आजी बाहेर आली. गाडीचं काय झालं ते विचारलंच नाही तिनं, गोधडी हातात घेऊन ओट्यावर बसून राहिली. तिच्या आईच्या लुगड्याची होती.

अँबीवाला_काका
ट्रकवाले थंडीत टाकीखाली निखारे ठेवायचे. आम्हीही शेगडी ठेवून बघितली आहे.

वर्कशॉपवाला_सदर
काका, ते डिझेलचे ट्रक. ही पेट्रोलची गाडी आहे, कार्बोरेटर गळका असू शकतो. कृपा करून असं काही लिहू नका, कुणीतरी करून बघेल. आणि बंद गॅरेजात गाडी चालू ठेवून तापवायची नाही. त्या धुराला वास येईलच असं नाही, माणूस बसल्या जागी जातो.

पॉइंट_गॅप
आणखी एक. गाडी आठवडाभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं. मग वाटी भरेपर्यंत सेल्फ मारत बसावं लागतं आणि बॅटरी मरते. पेट्रोल पंपाला हातानं दाबायची छोटी दांडी असेल तर आधी ती वीसपंचवीस वेळा दाबा, मगच सेल्फ. आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो, तेही बघून घ्या.

सीताबर्डी_सिनिअर
व्हिंटेज नोंदणी करून व्हीए नंबर घ्या, मग कटकट नाही.

महाल_गल्ली
त्याला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते. ही ८२ ची. शिवाय व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. आणि थंडीशी त्याचा संबंध काय?

त्रिमूर्तीनगरकर
धन्यवाद सगळ्यांना. पायांच्या गारठ्याचं कुणी बोललंच नाही. ऑनलाइन १२ व्होल्टचा छोटा हीटर दिसतोय, १५० वॅट, गाडीतल्या सिगारेट लायटरच्या जागी लावायचा. बाबांना फोटो फार आवडला.

वर्कशॉपवाला_सदर
नका घेऊ. १५० भागिले १२ म्हणजे साडेबारा अँपिअर. दोन हेडलाइट मिळून खातात त्याहून जास्त. डायनॅमो आधीच कमी वेगात काही देत नाही. पहाटे अंधारात हेडलाइट, वायपर आणि हा हीटर, म्हणजे रामटेकला धक्का मारायला माणसं शोधाल.

पॉइंट_गॅप
+१. नका घेऊ.

मृणाल_प
मीही नका म्हणते.

जरीपटका_स्पीड
ओम्नीचा हीटर बसवा ना. आठ हजारात होते.

तर्री_पोहे
आधी वारा कुठून येतो ते शोधा. माझ्या गाडीत पेडलच्या दांड्या आणि स्टिअरिंग कॉलम जिथं खाली जातो तिथलं रबर झिजून बोटभर फट होती. दिवसा गाडीत बसून पायाशी वाका, उजेड दिसेल तिथं भोक. रबर बुशी, दारांचं रबर आणि मॅटखाली नमदा, सगळं मिळून अठराशेत झालं. भोकं बुजवणं गरजेचंच आहे, इंजिनाकडचा धूरही तिथूनच आत येतो. फक्त पुढची त्रिकोणी काच बोटभर उघडी ठेवा, नाहीतर आतून वाफ धरते आणि धुक्यात रस्ता दिसत नाही.

त्रिमूर्तीनगरकर (दहा दिवसांनी)
अपडेट. अर्थिंगची पट्टी बदलली, १८० रुपये. पॉइंट आणि कंडेन्सर नवे. सहाला दुसऱ्या सेल्फवर सुरू झाली, बाल्कनीतले लोक निराश. भोकं बुजवली. थर्मोस्टॅट आणला होता, पातेल्यात उघडलाही, पण बाबांनी बसवू दिला नाही. "मे महिन्यात तू येणार आहेस का काढायला?" म्हणाले. सध्या पुठ्ठ्यावर काम चाललंय. कन्हानच्या पुलानंतर मी स्वतः उतरून काढतो.
आणि हो, तो हीटर बाबांनी परस्पर मागवला. पौर्णिमेला लायटरला लावला, दोन मिनिटं पायावर गरम वारा आला, बाबा खूश. मग ८ अँपिअरचा फ्यूज उडाला, हॉर्नही गेला. त्या जागी १६ चा बसवला तर चालेल का?

वर्कशॉपवाला_सदर
नाही!! वायर जळेल.

जरीपटका_स्पीड
चालते ना, मी लावला होता.

त्रिमूर्तीनगरकर
बाबा १६ चा घेऊन आलेत.