स्पॅनिश अनुवादात इंग्रजीच्या 'ऑफ-आउट-अवे'चं काय करायचं? माझं मत: आधी मराठीत म्हणून बघा

कोरडी_शाई
पुण्यात बसून इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये अनुवाद करते, नऊ वर्षं झाली. मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या चिमणीचं माहितीपत्रक आलं होतं. पानभर नुसती टेक ऑफ, पुल आउट, वाइप ऑफ, स्लाइड इनची रांग. आमच्याकडच्या नव्या मुलाने प्रत्येक आउट दिसला की 'फुएरा', म्हणजे बाहेर, चिकटवून दिला होता.

त्याला म्हटलं, इंग्रजी बाजूला ठेव. हेच घरी आईला कसं सांगशील? 'जाळीवरचं तेल फडक्याने पुसून काढ.' बघ, काढायचं काम मुख्य क्रियापदाने उचललं आणि पुसणं मागे गेलं. स्पॅनिशचंही तसंच: 'कितार', काढणे, आणि कसं ते नंतर, 'कोन उन पान्यो', फडक्याने.

इंग्रजी हलण्याची तऱ्हा क्रियापदात घालतं आणि कुठून कुठे ते शेपटाला लावतं. स्पॅनिशमध्ये दिशा क्रियापदात, तऱ्हा शेपटाला, आणि तीही हवी असली तरच. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी 1985च्या लेखात तरंगत्या बाटलीचं उदाहरण दिलंय. इंग्रजीत बाटली गुहेत 'फ्लोट' होते. स्पॅनिशमध्ये 'ला बोतेया एंत्रो आ ला कुएवा फ्लोतांदो'. मराठीत बाटली तरंगत गुहेत शिरली. शिरली म्हणजेच 'एंत्रो'. मेणबत्ती 'ब्लो आउट' केली तर आपण एका फुंकरीत विझवली म्हणतो, ते म्हणतात 'आपागो ला वेला दे उन सोप्लो'. शब्दाला शब्द! 'किक आउट' म्हणजे लाथा घालून हाकलणं, 'एचार आ पातादास'.

आणि काढणे तर सोन्याची खाण. स्पॅनिश 'साकार' घ्या. विहिरीतून पाणी काढणं, बँकेतून पैसे, दाढ, जीभ, फोटो, तिकीट, गाडीचा परवाना, निष्कर्ष, आणि कामातून वेळ, सगळीकडे 'साकार' चालतं. यातल्या निम्म्या ठिकाणी इंग्रजीला वेगळं क्रियापद शोधावं लागतं. मग आपण इंग्रजीच्या वाटेने का जायचं?

उलटतपासणी
खाण आहे, पण सुरुंग पेरलेली. तुमच्या 'काढणे'तच चित्र, झोप आणि दिवस काढणंही येतं. एकालाही 'साकार' लावून दाखवा. अंगातला शर्ट काढायचा तर स्पेनमध्ये 'कितार्से' म्हणतील, ब्युनोस आयरेसमध्ये 'साकार्से'. हे मराठी कुठून सांगणार?

त्याहून मोठी अडचण जोडक्रियापदांची. 'डाग धुऊन काढ' यात डाग खरंच निघतो. 'चादर धुऊन काढ' यात काय निघतं? काही नाही, काम पुरं होतं एवढंच. 'पुसून टाक', 'खाऊन टाक' यात कोणी काही टाकत नाही. एका शिकाऊ मुलीने 'पुसून टाका'चं 'तिरार' केलेलं मी स्वतः तपासलंय. तिरार म्हणजे फेकणं. गिऱ्हाइकाने जाळी कचऱ्यात टाकली असती.

आणि 'पळत गेला' व 'पळून गेला' यातला फरक? पहिला 'से फुए कोर्रिएंदो', दुसरा 'से एस्कापो'. एका प्रत्ययाने मुलगा शाळेला निघालाय की घरातून परागंदा झालाय ते ठरतं. मराठीतून जाणारा इथे हमखास घसरतो, कारण आपली भाषा म्हणून आपण तिच्याकडे नीट बघतच नाही.

मांडवीकाठ
'तिरार'वरून राहवलं नाही. आमच्या घरी आजी पोर्तुगीज बोलायची. पोर्तुगीजमध्ये तिरार म्हणजे चक्क काढणं, कपडे असोत नाहीतर फोटो. त्या भरवशावर मी स्पॅनिशमध्ये 'झाकण काढा'चं 'तिरे ला तापा' लिहिलं आणि छापायच्या आदल्या दिवशी फोन आला, की ग्राहकाने झाकण फेकून का द्यावं? गंमत म्हणजे काही स्पॅनिश देशांत दारावर 'तिरे' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ओढा. मेक्सिकोत त्याच दारावर 'हाले'. तेव्हा मराठी काय नि पोर्तुगीज काय, शेजारणीच्या भरवशावर घर सोडू नये.

कोरडी_शाई
@उलटतपासणी, पळून-पळतचा मुद्दा मान्य. पण तो माझ्याच बाजूचा झाला ना? 'रॅन अवे'त या दोन्ही गोष्टी लपतात. मराठीत म्हणायला गेलं की कुठला अर्थ ते आधी ठरवावंच लागतं. इंग्रजीवरून थेट गेलात तर प्रश्न पडतच नाही, आणि चूक तिथेच होते.

उलटतपासणी
ठरवावं लागतं हे कबूल. पण मराठी तुमच्या स्पॅनिशइतकी कडकही नाही. 'पोरगा बाहेर पळाला' आपण बिनधास्त म्हणतो. स्पॅनिशमध्ये उंबरा ओलांडायचा असेल तर 'सालिओ कोर्रिएंदो'च हवं, आधी बाहेर पडला, मग धावत. 'कोर्रिओ फुएरा' लिहिलंत तर पोरगा आधीपासून अंगणातच धावत होता असं वाटेल. दारापर्यंत धावला तर मात्र 'कोर्रिओ आस्ता ला पुएर्ता' चालतं, कारण दार ओलांडलेलं नाही. हा नियम मराठीतून शिकता येत नाही, उलट मराठी तो मोडायलाच शिकवते. तुमच्या त्या नव्या मुलाचा 'फुएरा' इंग्रजीतून आला कशावरून? 'बाहेर'मधूनच आला असेल.

शिवाय 'देस' हा उपसर्ग. भिंतीवरून तसबीर खाली घ्यायची, 'देस्कोल्गार'. प्लग काढायचा, 'देसेंचुफार'. लेबल सोलायचं, 'देस्पेगार', आणि विमान उडतं तेव्हाही तेच, जणू जमिनीला चिकटलेलं सुटलं. मराठीत विचार केलात तर सगळीकडे 'काढा' येईल आणि तुम्ही 'साके'च लिहीत सुटाल.

तिसरी_घंटा
मी कादंबऱ्यांचं काम करतो, माहितीपत्रकवाल्यांचा हेवा वाटतो. तुम्हाला निदान तेल निघालं की झालं. इंग्रजी नायिका एका परिच्छेदात चवड्यांवर बाहेर जाते, लंगडत खाली येते नि खुरडत आत शिरते. भाषेचे अभ्यासक डॅन स्लोबिन यांनी इंग्रजी कादंबऱ्यांचे स्पॅनिश अनुवाद तपासले, तेव्हा हालचालीची लकब जवळपास निम्म्या ठिकाणी गळालेली दिसली. हा आळस नसतो. ओळीला तीन 'आंदो-इएंदो' (फ्लोतांदो, कोर्रिएंदोमधली शेपटं, आपल्या तरंगत-पळतमधला 'त') झाले की स्पॅनिश कानाला ते जड जातं. म्हणून 'सालिओ दे पुंतियास' ठेवतो, बाकीच्या दोन ठिकाणी नुसतं 'बाहो', उतरली, आणि 'एंत्रो', शिरली. मराठीत मात्र 'तुरुतुरु', 'दुडुदुडु', 'फरफटत' कितीही येऊ द्या, कोणाला जड होत नाही. म्हणजे इथे मराठीने विचार केला तर लोभ वाढतो आणि स्पॅनिश बिघडतं.

कोरडी_शाई
लोभाचं खरं आहे. 'देस'चंही खरं, प्लगच्या ओळीत मी 'साके' लिहून बसले होते, ती आत्ता बदलली. 'फुएरा' कुठून आला ते त्या मुलालाच विचारलं. म्हणाला, इंग्रजीतून नाही, मराठीतूनही नाही, शब्दकोशातून. आउट पाहिलं, पहिला अर्थ उचलला.

मांडवीकाठ
मग तुम्ही दोघं तीन दिवस कशावरून भांडत होता?