पत्र्याच्या गॅरेजमध्ये विंडो एसी बसवायचा आहे, कोणती भिंत फोडावी?

पेटीवाला (तिवसा तालुका)

जयगुरु मंडळी.

मी हार्मोनियम दुरुस्त करतो. गुरुकुंज मोझरी, म्हणजे तुकडोजी महाराजांचा आश्रम, आमच्यापासून जवळ, त्यामुळे भजनी मंडळ नाही असं गाव इकडे सापडायचं नाही, अन् मंडळ म्हटलं की खंजेरी आली अन् पेटी आली. चैत्र-वैशाखात काम सगळ्यात जास्त येते, कारण आषाढीच्या आत प्रत्येकाला पेटी हातात पाहिजे. अन् नेमकं तेव्हाच माझ्या वर्कशॉपमध्ये माणसाला बसवत नाही.

वर्कशॉप म्हणजे घराला लागून काढलेलं गॅरेज. दहा बाय अठरा फूट, वर टिन, समोर दक्षिणेला रोलिंग शटर. पुढच्या अर्ध्यात मोटारसायकल अन् बियाण्याची पोती, मागच्या अर्ध्यात माझं टेबल. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) सरस लावून भात्याची घडी दाबून धरली तर लवकर आवळत नाही, हाताखाली सरकते. घामाचा थेंब पितळी सुरावर (पेटीच्या आत वाजणाऱ्या पितळी पातीवर) पडला अन् लगेच पुसला नाही, तर दुसऱ्या दिवशी तिथं हिरवट डाग. गुजरातेतल्या पालिताण्याचे चांगले सूर आणायचे अन् घामानं खराब करायचे, हे काही परवडत नाही.

कूलर लावा असं सांगणारे येतील म्हणून आधीच सांगतो. कूलर आहे, मोठा, वाळ्याच्या जाळ्यांचा. मला गारवा लागते, पेटीचं मात्र वाटोळं होते. ओल्या हवेनं बोटांखालच्या लाकडी पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात. त्या मी घासून मोकळ्या केल्या की गिऱ्हाईक घरी नेते, तिथं मे महिन्याच्या कोरड्या हवेत लाकूड आटते अन् त्याच पट्ट्या खडखड वाजतात. मग फोन येते. शिवाय सूर मिळवताना दोन सुरांमधली लहर कानानं पकडावी लागते, ती कूलरच्या घरघरीत ऐकूच येत नाही.

आता साळ्याच्या दुकानातला जुना दीड टनी विंडो एसी चालू हालतीत मिळतो आहे. स्प्लिट नको, कारण गावात वांदरं आहेत. शाळेच्या स्प्लिटच्या बाहेरच्या डब्यावर बसून त्यांनी पाईपावरचा काळा फोम पार सोलून काढला. अन् स्प्लिटचा गॅस गेला की माणूस अमरावतीहून येईपर्यंत वाट पाहा. विंडो असला तर पिकअपमध्ये टाकून आपणच नेता येते.

गॅरेजला खिडकी एकही नाही, म्हणजे भिंतच फोडावी लागेल. पूर्वेची भिंत जुन्या घराची, मातीची, दीड फूट जाड, पलीकडे गोठा. तिथं दिवसभर सावली असते अन् भाऊ म्हणतो माती आहे, सब्बलीनं भोक पाडून देतो. पश्चिमेची विटांची नऊ इंची, बाहेर मोकळी जागा, पण दुपारी दोनपासून दिवस बुडेपर्यंत ऊन. उत्तरेची पण नऊ इंची, बाहेर तीन फुटांची बोळ, मग शेजाऱ्याचं पाच फुटी कंपाउंड. माझं मन पूर्वेकडे आहे. कोणी केलं असेल तर सांगजा.

लाईटचंही विचारायचं होतं. घरामागून शेतपंपाची लाईन जाते, चुलतभाऊ म्हणतो तिच्यावरूनच घे.

एसी-फ्रिज मिस्त्री, वर्धा

भाऊ, मातीच्या भिंतीचा नाद सोडा. कारण सांगतो.

विंडो एसीचा डबा मोकळ्या जागेत ठेवा अन् बाजूनं पाहा. दोन्ही अंगांना मागच्या भागात जाळीसारख्या फटी दिसतील, काही मॉडेलांना वरूनही असतात. एसी बाहेरची हवा या फटींतून ओढते अन् गरम करून पाठीमागून फेकते. फटी भिंतीच्या आत अडकल्या तर त्याला श्वासच नाही. कॉम्प्रेसर तापते, ओव्हरलोड ट्रिप होते, थोड्या वेळानं पुन्हा चालू, पुन्हा ट्रिप. लोक म्हणतात गॅस कमी झाला, मेकॅनिक गॅस भरते, पैसे घेते, अन् रोग तिथंच. परदेशात खास भिंतीत बसवायचे एसी मिळतात, त्यांना बाजूला फटी नसतात, हवा घेणं-सोडणं सगळं पाठीमागूनच. आपल्याकडे दुकानात मिळते तो खिडकीचाच, अन् तोच आपण भिंतीत बसवतो.

म्हणून टेप घ्या अन् समोरच्या जाळीच्या मागच्या कडेपासून पहिल्या फटीपर्यंत किती इंच भरते ते मोजा. भिंतीची जाडी, प्लास्टर धरून, त्याच्यापेक्षा कमी पाहिजे. नऊ इंची भिंत प्लास्टरसहित दहाच्या आसपास जाते. थोडं कमी पडलं तर डबा बाहेर सरकवता येत नाही, कारण समोरचा भाग खोलीतच राहिला पाहिजे. मग बाहेरच्या अंगानं भोक दोन्हीकडून तिरपं कापून रुंद करायचं, म्हणजे फटींसमोर वीट राहत नाही. दीड फुटाच्या मातीत एवढं तिरपं कापलं तर भिंतीत काही उरत नाही, अन् वरचा भार बसला की माती ढासळते. अन् पलीकडे गोठा आहे म्हणता! मे महिन्यात एसीच्या पाठीची हवा गाई-बैलांच्या तोंडावर सोडाल? गोठ्यातली गरम हवा तोच एसी पुन्हा ओढेल, ते वेगळंच.

माझं मत उत्तरेकडे. बोळ तीन फुटांची आहे, डबा बाहेर दीड फूट तरी निघेल, समोर भिंत असती तर नाही म्हटलं असतं. पण कंपाउंड पाचच फुटांचं आहे ना? मग एसीची खालची कड जमिनीपासून साडेपाच फुटांवर घ्या. पाठ कंपाउंडच्या वर राहते, हवा मोकळी जाते. थंड हवा वरून खाली उतरते, त्यात नुकसान नाही, फक्त फिल्टर धुवायला स्टूल लागेल. शेजाऱ्याला मात्र आधी विचारा. त्याची बाज उन्हाळ्यात तिथंच पडत असेल तर मशीन आणण्याआधी चहा पाजा.

फोडताना खालून सुरू करायचं नाही. आधी वर लिंटेलची (भोकावरचा भार धरणाऱ्या आडव्या तुळईची) खाच कापा, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच टेकेल एवढं तयार लिंटेल आत सरकवा, वर मसाला गच्च भरा, तो पक्का झाला की मग खालच्या विटा काढा. दीड टनी डबा पन्नास किलोच्या वर जाते, म्हणून गावच्या वेल्डरकडून अँगलची चौकट करून घ्या अन् बाहेरून दोन तिरपे टेकू. चौकटीच्या आतून लाकडी पट्टी, तिच्यावर रबर. डब्याला लागून प्लास्टर कधीच करू नका, सगळी थरथर भिंतीत उतरते अन् पुढं डबा काढायचा म्हटलं की भिंत पुन्हा फोडावी लागते. फटीत फोम, वरून बिडिंग. डबा बाहेरच्या अंगाला दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उतरता ठेवा, जास्त नाही, म्हणजे पाणी आत येत नाही. पाण्याला नळी लावून बोळीत खाली सोडा, शेजाऱ्याकडे नाही.

कूलरच बरा, अकोला

वाचून हसू आलं. आमच्या अकोल्यात पारा 45 च्या वर जाते अन् आम्ही कूलरवरच दिवस काढतो. एसी लावून वीजबिल भरण्यापेक्षा सकाळी पाच ते दहा काम करा अन् दुपारी झोपा. टिनावर तुराट्या टाका, पाणी मारा. आमच्या आबांचं सगळं आयुष्य त्यात गेलं.

पेटीवाला (तिवसा तालुका)

अकोलावाले दादा, सकाळचं काम करतोच. पण मंडळवाले दुपारच्या एसटीनं येतात, पेटी समोर ठेवून बसून राहतात अन् संध्याकाळच्या गाडीनं घेऊन जातो म्हणतात. तुराट्या टिनावर टाकल्या होत्या, फरक पडते, पण आम्ही खाली कावीळ्यानं (सोल्डरिंगच्या तापल्या लोखंडानं) डाख देतो, ठिणगीची धास्ती असते. अन् मृगाचा पहिला पाऊस झाला की तुमचा कूलर तुम्हीच बंद कराल, मला तर तेव्हाच कोरडी हवा पाहिजे.

मिस्त्री दादा, टेप लावला. समोरून पहिल्या फटीपर्यंत साडेदहा भरते, भिंत प्लास्टरसहित दहा. काठावर पास. शेजारी आमचे काकाच लागतात, त्यांची बाज बोळीकडे नाही, पुढच्या ओसरीत असते, अन् ते स्वतःच पेटी वाजवतात, ते काही म्हणणार नाहीत. मातीच्या भिंतीचं भावाला सांगितलं, तो सब्बल घेऊनच बसला होता.

एक शंका राहते. विंडो एसीचा आवाजही काही कमी नाही. सूर मिळवताना बंदच करावा लागेल. बंद केल्यावर टिनाखाली गारवा किती टिकेल?

तारवाला, हिंगणघाट

आधी त्या शेतपंपाच्या लाईनचं बोलतो. तिला हात लावू नका. शेतीची वीज दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर धरून दुप्पट दरानं आकारणी होते. अन् समजा कोणी पाहिलं नाही, तरी ती लाईन आठ तास येते अन् तीही पाळीनं, कधी दिवसा कधी रात्री. तुमचे मंडळवाले दुपारी बसलेले अन् वीज येणार रात्री. घरच्या मीटरवरूनच घ्या, अन् आधी मंजूर भार किती आहे ते बिलावर पाहा. कमी असेल तर वाढवून घ्यायचा अर्ज करा.

मीटरपासून गॅरेजपर्यंत वेगळी लाईन ओढा, घरातल्या पंख्याच्या वायरीवर जोड मारू नका. अंतर जास्त असेल तर 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, 20 अँपिअरचा सी टाईप एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), 16 अँपिअरचं सॉकेट, अन् अर्थिंगचा खड्डा खरा असला पाहिजे. खेड्यात तिसरी वायर कुठंच जोडलेली नसते, नुसती प्लगमध्ये लोंबते. तुमच्या चौकटीचा अँगल लोखंडाचा, बाजूला पाणी ठिबकणार, त्यामुळे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावाच.

व्होल्टेज दुपारी मोजा, रात्री मोजून उपयोग नाही. गावाच्या टोकाला घर असेल तर मे महिन्यात 180 च्या खाली गेलेलं मी पाहिलं आहे. जुना साधा कॉम्प्रेसर तेवढ्यात उचलत नाही, नुसता घुंऽऽ करते अन् वाइंडिंग तापते. दीड टनीला 4 केव्हीएचा स्टॅबिलायझर, खालची मर्यादा कमीत कमी असलेला पाहून घ्या. त्यात वेळेचा उशीर असतोच, पण लाईट जाऊन आली की तीन मिनिटं तरी एसी चालू होता कामा नये, आतल्या गॅसचा दाब समान व्हावा लागतो.

आता गारव्याचं. मला विचाराल तर अख्खं गॅरेज थंड करायच्या भानगडीत पडूच नका. शटरच्या फटीतून गार हवा जाते, अन् मोटारसायकलीला अन् पोत्यांना थंडी कशाला? मधोमध प्लायची आडभिंत घाला, वर काचेची पट्टी, एक दार. दहा बाय नऊची केबिन होते. टिनाच्या खाली अर्धा-एक फूट जागा सोडून बांबूच्या तट्ट्या मारा, त्यांच्यावर इन्सुलेशनची शीट, फॉइल वरच्या बाजूला. साधा थर्माकोल नको, तुम्ही कावीळा वापरता. टिन अन् तट्टीमधली गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना जाळी ठेवा. टिनावर वरून पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग. एवढं केलं तर दीड टनी त्या केबिनला जास्तच होते, पटकन थंड करून कट होते, अन् तुम्हाला तेच पाहिजे. बंद केल्यावर एक-दोन सप्तकं मिळवेपर्यंत टिकेल. आडभिंत अन् छत न करता लावला तर बंद करताच टिनाची झळ डोक्यावर येईल.

एसी-फ्रिज मिस्त्री, वर्धा

तारवाल्या भाऊंचं केबिनचं बरोबर आहे, मी पण तेच सांगणार होतो. केबिन केल्यावर भोकाची जागा बदलू नका, उत्तरेची भिंत केबिनमध्येच येते. एक लक्षात ठेवा, खूप मोठ्या टनाचा एसी लवकर कट झाला की हवेतली ओल पूर्ण निघत नाही. पावसाळ्यात ड्राय मोडवर चालवा, पंखा कमी ठेवून.

पेटीवाला (तिवसा तालुका)

केबिन डोक्यात बसली. आडभिंतीचं प्लाय घरी पडलेलं आहे, जुन्या स्टेजचं. कंट्रोल 27 वर ठेवीन म्हणतो. 2020 पासूनचे एसी चालू केले की 24 वर सुरू होतात, पण माझा जुना आहे अन् मला तेवढं थंड नकोच. उन्हात पितळी सूर किंचित उतरतो, थंडीत चढतो. सगळेच सोबत चढतात-उतरतात म्हणून पेटी आपसात बेसूर होत नाही, पण तंबोरा पेटीला धरायचा अन् बासरीवाला सोबत असला तर तो तक्रार करते. मंडळ जिथं वाजवणार त्याच्या जवळपासची हवा ठेवलेली बरी.

काम अक्षय तृतीयेनंतर काढतो. वेल्डरला मापं दिली. ग्राइंडरवर कापणारा तिवशाहून येईल.

एसी-फ्रिज मिस्त्री, वर्धा

कापायच्या आदल्या दिवशी उघड्या पेट्या सगळ्या घरात नेऊन ठेवजा, नुसतं चादर झाकून भागत नाही. कोरड्या कटरनं वीट कापली की धूळ इतकी बारीक उडते की भात्यातून थेट सुरांत जाईल. कापणाऱ्याला पाणी मारत कापायला सांगा, अन् तेवढा वेळ केबिनच्या बाजूची लाईट मीटरवरून बंद ठेवा.