.२२ मॅच ॲम्युनिशन: लॉट कसा निवडायचा आणि किती राउंड मारून ठरवायचं?

प्रोन_साठ

७.६२×५१ च्या रायफलवाल्यांना एक सोय आहे. एम११८एलआर या लष्करी मॅच (अचूक नेमबाजीच्या दर्जाच्या) काडतुसाच्या तोडीचं काही हवं असेल, तर तेही १७५ ग्रेनची मॅच बुलेट आणतात, केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) निवडतात, पावडर तोलतात आणि स्वतः भरतात. .२२ एलआर या छोट्या रिमफायर काडतुसात (ज्यात पिन रिमवर, म्हणजे केसच्या मागच्या कडेवर आपटते) असं काही करता येतं का? रिमची जाडी मोजून किंवा वजन करून काडतुसं वेगळी काढली, तर साध्या ॲम्युनिशनमधून मॅच दर्जाची काडतुसं हाती लागतात का?

दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. एकाच नावाचे आठ लॉट (कारखान्यात एकत्र बनलेल्या खेपा) समोर आहेत. ५० मीटरवर बेंचवरून प्रत्येक लॉटचे पाच-पाच राउंडचे दोन ग्रुप मारले. सगळ्यांत लहान ग्रुप ९ मिमी आला आणि सगळ्यांत मोठा १७ मिमी (मध्य ते मध्य). हे दोन्ही ग्रुप एकाच लॉटचे आहेत. आता कशावर विश्वास ठेवायचा?

रिमकाठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ "नाही" असं आहे. सेंटरफायरमध्ये, म्हणजे ७.६२ सारख्या काडतुसांत, प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), केस, पावडर आणि बुलेट या चार गोष्टी सुट्या मिळतात. .२२ मध्ये वेगळा प्रायमर नसतोच. प्रायमरचं मिश्रण ओलं असताना केसमध्ये घालतात आणि केस जोरात फिरवून ते रिमच्या आतल्या पोकळीत पसरवतात. एकदा फायरिंग पिनने रिम चेपली की ती केस संपली. त्या मिश्रणाचा थर रिमभर सारखा पसरला आहे का, यावर काडतुसाचा दर्जा बराचसा ठरतो, आणि ते बाहेरून ना दिसतं ना मोजता येतं. काडतूस उघडून पावडर बदलायचा विचार मनातही आणू नका. रिममधलं मिश्रण नुसत्या दाबानेही पेटतं.

वजन करण्यात अर्थ का नाही, ते आकड्यांत पाहा. अख्खं काडतूस साधारण ३.३ ग्रॅमचं. त्यात बुलेट २.५९ ग्रॅम (४० ग्रेन) आणि पावडर जेमतेम ७० मिलिग्रॅमच्या आसपास. पावडरमध्ये दोन टक्के फरक पडला, तर तो दीड मिलिग्रॅमचाही नसतो. केस आणि शिसं यांच्या वजनातला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. म्हणजे तराजू ज्या फरकावर काडतुसं वेगळी काढतो, त्याचा पावडरशी संबंध लागत नाही.

रिमची जाडी मोजण्यामागे निदान कारण तरी आहे. .२२ चं हेडस्पेस (चेंबरमध्ये काडतूस बोल्टसमोर किती घट्ट बसतं ते) रिमवरच ठरतं, त्यामुळे जाडी बदलली की पिनचा मारही थोडा बदलतो. स्वस्त ॲम्युनिशनमध्ये अगदी पातळ आणि अगदी जाड रिमची काडतुसं बाजूला काढली तर अधूनमधून भरकटणारे राउंड कमी होऊ शकतात. पण टेनेक्स, आर५०, एक्स-ॲक्ट, मिडास प्लस अशा वरच्या दर्जात रिम आधीच एकसारखी असते. तिथे तो वेळ लॉट टेस्टिंगला द्या. .२२ मध्ये मॅच ॲम्युनिशन तयार करता येत नाही, आपल्या बॅरलला मानवणारा लॉट शोधावा लागतो.

सरासरी_अंतर

९ आणि १७ मिमी एकाच लॉटमधून येणं यात काहीच विचित्र नाही. एखाद्या लॉटचं विखुरणं प्रत्येक दिशेला ४ मिमी प्रमाण विचलनाचं धरा. त्याचे पाच राउंडचे ग्रुप सरासरी १२ मिमीचे येतील, पण सुटा ग्रुप ७ पासून १८ मिमीपर्यंत कुठेही येऊ शकतो. ग्रुपचा व्यास फक्त सगळ्यांत लांबच्या दोन राउंडवरून ठरतो. मधले तीन कुठे पडले याची तो दखलच घेत नाही. तुम्ही पाच राउंडचा खर्च करून दोनाचीच माहिती घेत आहात.

त्याऐवजी सरासरी त्रिज्या काढा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक राउंडचे x आणि y मिळतात. सगळ्या x ची सरासरी आणि सगळ्या y ची सरासरी, हा ग्रुपचा मध्य. तिथपासून प्रत्येक राउंडचं अंतर काढा आणि त्या अंतरांची सरासरी घ्या. स्प्रेडशीटमध्ये हे मिनिटभराचं काम आहे. कागदी टार्गेट असेल तर प्रत्येक राउंडला वेगळा बुल (नेमाचा गोल) द्या, म्हणजे छिद्रं एकमेकांत मिसळणार नाहीत. छिद्र मोजताना कागदाची फाटलेली कड धरू नका, भोवतीच्या काळ्या वळ्याची बाहेरची कड धरा. कागद मागे सरकतो, त्यामुळे छिद्र ५.६ मिमीपेक्षा लहान दिसतं.

हा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. ५० मीटर रायफलच्या आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं आहे. बुलेटची कड रेषेला लागली तरी दहा मिळतात, म्हणजे बुलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत हवा. नेम अगदी अचूक आहे आणि चूक फक्त ॲम्युनिशनची आहे असं धरलं, तर:

विचलन ४ मिमी (सरासरी त्रिज्या ५.० मिमी) असलेला लॉट ६० पैकी साधारण ८ राउंड दहाच्या बाहेर टाकेल.
विचलन ३ मिमी (सरासरी त्रिज्या ३.८ मिमी) असलेला लॉट जेमतेम २ टाकेल.

दहा राउंडच्या ग्रुपमध्ये हाच फरक सुमारे १५ मिमी आणि साडेअकरा मिमी असा दिसतो. डोळ्यांना फारसा जाणवत नाही, स्कोअरवर मात्र सहा दहा गेलेले असतात.

आता किती राउंड? सरासरी त्रिज्येतली अनिश्चितता १० राउंडला साधारण १७ टक्के असते, ४० राउंडला ८ टक्के. ३.८ आणि ५.० मधला फरक प्रत्येकी ४० राउंडला बऱ्यापैकी भरवशाने कळतो, १० ला कळत नाही. आणि ३.८ व ४.१ यांत कोण सरस, हे ठरवायला प्रत्येकी तीनशेहून जास्त राउंड लागतील. तेवढे मारू नका. असे दोन लॉट सारखेच समजा आणि ज्याचा साठा जास्त मिळेल तो घ्या.

एक गोष्ट सगळे विसरतात. आठांतला पहिला आलेला लॉट थोडा नशिबानेही पहिला आलेला असतो. म्हणून पहिल्या तीन लॉटचे पुन्हा नवे ४०-४० राउंड मारा आणि निर्णय त्या दुसऱ्या फेरीवर घ्या. आणि "हा फ्लायर (ग्रुपपासून भरकटलेला राउंड) होता" म्हणून एकही राउंड गाळू नका. फ्लायर किती येतात, हेच तर लॉटबद्दल शोधायचं असतं. ट्रिगर ओढताना रायफल हलली हे टार्गेट पाहण्याआधी सांगता आलं, तरच तो राउंड रद्द. टार्गेट पाहिल्यावर सांगितलं तर नाही.

वाइस_आणि_वाळू

वरची आकडेमोड बरोबर आहे, पण राउंड कसे मारले यावरही बरंच अवलंबून आहे.

लॉट एकामागून एक संपवू नका. अ चे दहा, ब चे दहा, क चे दहा, मग उलट क, ब, अ. प्रत्येक लॉटचे चाळीस होईपर्यंत असंच चालू ठेवा. ऊन चढलं, वारा बदलला, हात थकला, तर त्याचा फटका सगळ्या लॉटना सारखा बसेल. अ चे चाळीस सकाळी आणि ब चे चाळीस दुपारी मारले, तर तुम्ही सकाळ आणि दुपार तपासली.

लॉट बदलला की लगेच मोजायला सुरुवात करू नका. बुलेटवरचं मेण बॅरलमध्ये बसतं आणि प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं असतं. एकाच कंपनीचे लॉट असतील तर बदलताना पाच राउंड बाहेर मारा, कंपनी बदलली तर पंधरा. नुकत्याच साफ केलेल्या बॅरलला त्याहून जास्त लागू शकतात. ग्रुप एका जागी स्थिरावला की मोजणी सुरू करा.

वाइस (रायफल घट्ट धरणारा शिकंजा) मिळाला तर उत्तम. पण रायफल जशी स्पर्धेत वापरता तशीच ठेवा. बॅरलवरचं वजन, बॅरलच्या तोंडाला लावलेली ट्यूब, पुढचं साइट यांतलं काही काढलं की बॅरलची थरथर बदलते, आणि लॉट बॅरलशी जुळणं म्हणजे बहुतांशी त्या थरथरीशी जुळणं. स्टॉकचे स्क्रू टॉर्क रेंचने निर्मात्याने दिलेल्या मापावर आवळा आणि टेस्ट संपेपर्यंत हात लावू नका. वाइसमधून जे दोन लॉट वर येतील, ते शेवटी स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा) लावून प्रोनमधून (पालथं पडून) मारून बघा. खांद्यावर आणि वाइसमध्ये रायफल सारखी वागेलच असं नाही.

बंद ५० मीटर रेंज नसेल तर वारा पडलेली वेळ गाठा. आडवं विखुरणं वाऱ्यामुळे फसवू शकतं, उभं फारसं फसवत नाही. बाहेर टेस्ट करायची वेळ आलीच तर उभ्या विखुरण्याला जास्त वजन द्या.

प्रोन_साठ

खूप उपयोगी. क्रोनोग्राफ (बुलेटचा वेग मोजणारं यंत्र) लावून वेगातला फरक मोजला तर राउंड वाचतील का? आणि बॉक्सवर वेग छापलेला असतो, त्यावरून लॉट आधीच गाळता येतील का?

रिमकाठ

थोडी मदत होते, निर्णय होत नाही. मॅच काडतूस साधारण ३२० ते ३३० मी./सेकंदाने निघतं. २० अंश सेल्सियसला आवाजाचा वेग ३४३ आहे, आणि त्याच्या खाली राहण्यासाठीच हा वेग ठेवलेला असतो. ५० मीटरला बुलेट जवळपास १२ सेंटीमीटर खाली येते. त्या हिशेबाने वेगात १ मी./सेकंद फरक पडला तर उभ्यात पाऊण मिलिमीटर सरकते. लॉटमध्ये वेगाची तफावत १० ची असेल तर ७-८ मिमी उभं विखुरणं त्यातूनच आलं. असा लॉट क्रोनोग्राफवर ओळखून बाजूला ठेवता येतो.

पण तफावत कमी असलेला लॉट तुमच्या बॅरलमधून चांगला जाईलच, असं नाही. उलटही होतं. काही बॅरलमध्ये मंद बुलेट तोंड किंचित वर असताना सुटते आणि ५० मीटरला वेगवान बुलेटच्या बरोबरीने पडते. मग वेगाची तफावत टार्गेटवर दिसतच नाही. म्हणून शेवटचा शब्द टार्गेटचा.

क्रोनोग्राफ बॅरलला अडकवायचा प्रकार असेल तर टेस्टमध्ये वापरू नका, त्याच्या वजनाने थरथर बदलते. बाजूला ठेवायचा रडार किंवा समोर मांडायचा ऑप्टिकल घ्या.

बॉक्सवरचा आकडा कारखान्यातल्या टेस्ट बॅरलचा असतो, तो दर्जाचा आकडा नाही. मात्र एक उपयोग आहे. तुमच्या बॅरलला आवडलेले जुने लॉट एकाच वेगाच्या आसपासचे असतील, तर नवे मागवताना तिथून शोध सुरू करा.

पिन_आणि_चेंबर

सगळे लॉट सारखेच वाईट जात असतील तर लॉटला दोष देण्याआधी रायफल बघा.

मारलेल्या केसांच्या रिमवरचे ठसे शेजारी शेजारी ठेवून भिंगातून बघा. खोली आणि जागा सारखी हवी. काही खोल, काही उथळ असतील तर फायरिंग पिनची स्प्रिंग थकली आहे किंवा बोल्टमध्ये घट्ट झालेलं ग्रीस आहे. मिश्रण एकसारखं पेटत नाही, वेग हलतो आणि ग्रुप उभा ताणला जातो. ग्रीस काढून पातळ तेलाचा थेंब द्या, स्प्रिंग बदला. पुष्कळदा एवढ्यानेच ग्रुप गोल होतो.

दुसरी जागा म्हणजे चेंबरचं पुढचं टोक. केसचं तोंड संपतं तिथे कार्बनचं कडक वळं जमतं. काडतूस आत सारताना शेवटी नेहमीपेक्षा जास्त जोर लागू लागला की समजा वळं वाढलंय. नुसतं फेल्ट (साफ करायची नमद्याची गोळी) फिरवून ते निघत नाही. सॉल्व्हंट तिथे काही वेळ मुरू द्या, मग मागच्या बाजूने, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावून साफ करा. पुढून रॉड घातला तर बॅरलच्या तोंडाची कड घासते, आणि तिथली इजा भरून येत नाही.

काडतूस सरळ आत जातंय का तेही बघा. शिसं मऊ असतं. चेंबरच्या कडेला नाक घासलं तर बाहेर काढलेल्या राउंडवर चकचकीत ओरखडा दिसतो. असा राउंड मोजायला वापरू नका.

आणि क्लिक झालं पण राउंड सुटला नाही, तर बॅरल टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज दबका आला, टार्गेटवर छिद्र नाही, तर पुढचा राउंड भरू नका. बोल्ट काढून बॅरल मोकळं आहे का ते आधी पाहा.

प्रोन_साठ

समजलं. म्हणजे आठ लॉट × ४० = ३२०, दुसऱ्या फेरीचे ३ × ४० = १२०, आणि मेण बसायला मारायचे वेगळे. यात किती बॉक्स धरू?

वाइस_आणि_वाळू

दहा-दहाचे गट करून फिरवलंत, तर पहिल्या फेरीत लॉट फार तर बत्तीस वेळा बदलेल. प्रत्येकी पाच बाहेरचे, म्हणजे १६०. दुसऱ्या फेरीत फार तर बारा बदल, ६० राउंड. एकूण ६६०. ५० चा एक असे चौदा बॉक्स लागतील असं दिसतं, पण लॉट मिसळता येत नाहीत. पहिल्या फेरीला प्रत्येक लॉटचे ४० अधिक २०, म्हणजे ६० राउंड लागतात, तेव्हा प्रत्येकी दोन बॉक्स. उरलेल्या ४० मध्ये दुसरी फेरी पूर्ण होत नाही, कारण तिलाही ६० हवेत. पुढे येणाऱ्या तीन लॉटचा आणखी एकेक बॉक्स घ्या. एकूण एकोणीस.

राउंड वाचवायचे असतील तर दहाऐवजी वीस-वीसचे गट करा. बदल निम्मे होतात. पहिली फेरी ५० राउंडमध्ये, म्हणजे बरोबर एका बॉक्समध्ये बसते, आणि दुसरीही. एकूण अकरा बॉक्स. मात्र मग वारा स्थिर असलेला दिवस किंवा बंद रेंज हवीच. आणि टेस्ट सुरू करण्याआधी विक्रेत्याला सांगून सगळ्या आठ लॉटचा साठा राखून ठेवा. निकाल येईपर्यंत निवडलेला लॉट विकला गेला तर त्याच नावाचा दुसरा लॉट घेऊन चालत नाही, तो नव्याने तपासावा लागतो.